थर्झाच्या दोन बोटी

पुतण्या रूबेनच्या पोराचं नाव ठेवून मंडळी चर्चच्या टेकडीवरून कालव्याकडे उतरली, तेव्हा थर्झा हॉलिकला आपल्या 'रोझाबेल'च्या छपरावर एक बाई बसलेली दिसली. डोक्यावर शहरी टोपी, मांडीवर चामड्याची पर्स, आणि पाय मात्र बोटीवर वाढलेल्या पोरीसारखे खुशाल खाली सोडलेले.

"ही कोण?" थर्झाने विचारलं. विचारतानाच तिला कळलं होतं कोण ते.

"आमची लव्ही," शेजारून चालणारी लीया म्हणाली. "मी बोलावलं तिला, आई."

 थर्झाने चालण्याचा वेग बदलला नाही. लव्हिनिया, तिची थोरली, सात वर्षांपूर्वी रग्बी गावच्या गॅस कंपनीतल्या हर्बर्ट नावाच्या कारकुनाशी लग्न करून, बोट सोडून काठावर राहायला गेली होती. त्या लग्नाला थर्झाने नाही म्हटलं नव्हतं. फक्त लग्नाच्या सकाळी तिने दोन्ही बोटींचे दोर सोडले आणि कोळसा घेऊन ती दक्षिणेला निघून गेली. त्यानंतर रग्बीवरून शेकडो खेपा झाल्या. पूल यायचा, पूल मागे पडायचा. गेल्या पानगळीत हर्बर्ट छातीच्या दुखण्याने गेला, हीसुद्धा बातमी समोरून येणाऱ्या एका बोटवाल्याने ओरडून सांगितली, आणि तोवर त्याला पुरूनही झालं होतं.

ब्रॉन्स्टनच्या त्या धक्क्यावर हॉलिकांच्या दोन जोड्या, म्हणजे चार बोटी, एकीला एक लावून बांधल्या होत्या. इंग्लंडचा म्हातारा राजा वारला त्या वर्षीचा वसंत होता, कुंपणांना नुकती हिरवळ फुटत होती. बोटीच्या केबिनमध्ये चौघं बसली की पाचव्याला पाय कुठे ठेवू असं होतं, म्हणून चहापाणी काठावरच मांडलं होतं. दोन पिंपांवर फळी टाकून त्यावर हॅम, पाव, लोणच्यातले कांदे आणि सबायनाने आदल्या दिवसापासून शिजवलेलं मनुकांचं पुडिंग. सबायना म्हणजे थर्झाची जाऊ, इनॉकची बायको. बारसं तिच्या नातवाचं, त्यामुळे आज हुकूम तिचा.

"अगं बाई, लव्हिनिया!" सबायनाने दोन्ही हात पसरले. "किती गोरी झालीस! उन्हाचं तोंड पाहत नाहीस वाटतं?"

"नमस्कार, सबायना काकू."

"ये, बस. तुझ्या कोटाला काळं लागेल हो. आमच्याकडे सगळीकडे कोळसाच."

"मला माहीत आहे कुठे कोळसा असतो ते," लव्हिनिया म्हणाली आणि छपरावरून खाली उतरली. उतरताना तिने आईकडे पाहिलं. थर्झाने पाव कापायला सुरी उचलली होती. उजव्या हाताची दोन बोटं नाताळानंतर गेली होती. बर्फात, बोटीची कड आणि लॉकची, म्हणजे बोटी वरखाली करायच्या पाण्याच्या हौदाची, भिंत यांच्या मध्ये चिरडून. जखम भरली होती, पण सुरी अजून हातात नीट बसत नव्हती. लव्हिनियाने ते पाहिलं, हात पुढे केला, आणि मग मागे घेतला.

खाणं होईपर्यंत कुणी कामाचं बोललं नाही. बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर गेलं, दोनदा रडलं, एकदा इनॉकच्या जाकिटावर ओकलं. मग इनॉकने पाइप पेटवला. थर्झाचा दीर मोठा सरळ माणूस. तो पाइप पेटवून घसा साफ करायला लागला की घरातल्या सगळ्यांना कळायचं, आता काहीतरी ठरवून आलेलं बाहेर येणार.

"थर्झा," तो म्हणाला, "ऐबल गेल्यापासून तू जोडी चालवलीस. कुणी नाव ठेवावं असं काही केलं नाहीस. हे मी सगळ्यांसमोर म्हणतो."

"मग पुढचंही सगळ्यांसमोर म्हण."

"पुढचं असं, की हात गेल्यापासून दोनदा माल उशिरा पोचला. कागद गिरणीवाल्यांचा मुकादम मला विचारत होता, म्हणाला, तुमची वहिनी दमली का. तिसऱ्यांदा उशीर झाला तर काम दुसऱ्याला देतील. हॉलिकांचं काम हॉलिकांकडे राहावं एवढंच माझं म्हणणं. रूबेनला बायको आहे, आता पोर आहे. तिघं आमच्याच केबिनमध्ये कोंबून राहतात. त्याने तुझी जोडी घ्यावी. लीया त्याच्या बरोबर राहील, तिला काम माहीत आहे."

"आणि मी?"

"तू आमच्याकडे," सबायना मायेने म्हणाली. "बाळाला सांभाळायला कुणी हवंच आहे. दोन बोटं गेल्यावर दोन बोटी कशा रेटायच्या गं?"

"गेली ती हाताची बोटं. बोटी शाबूत आहेत."

रूबेन मान खाली घालून गवत उपटत होता. चांगला मुलगा होता तो. त्याला हे नको होतं असं नाही, पण असं मागायचीही त्याला लाज वाटत होती.

"लीया आहे माझ्याजवळ," थर्झा म्हणाली. "ती पुढे इंजिनावर, मी मागे बटीवर. थोडा उशीर होतो, तो भरून काढू. उन्हाळ्यात सगळं सरळ होईल."

बटी म्हणजे मागची बोट. तिला इंजिन नसतं, पुढच्या बोटीच्या दोराने ती ओढली जाते, आणि तिच्यावर उभं राहणाऱ्याच्या हातात सुकाणूशिवाय काही नसतं. 'रोझाबेल' थर्झाची बटी होती. तिच्याच केबिनमध्ये थर्झाने दोन मुली जन्माला घातल्या आणि तिच्याच पलंगावर नवऱ्याने, ऐबलने, डोळे मिटले.

"आई," लीया म्हणाली, "मी राहणार नाहीये."

सबायनाचा चहाचा कप तोंडाशी थांबला.

"मी वॉल्टर एम्सशी लग्न करणार आहे. वरच्या लॉकवरच्या. मे महिन्यात."

वॉल्टरला सगळे ओळखत होते. लॉकचा रखवालदार, बायको मेलेली, एक छोटी मुलगी, आणि लॉकला लागून दोन खोल्यांचं विटांचं घर. थर्झा त्याच्याशी आठवड्यातून दोनदा हवापाण्याचं बोलायची. तो तिच्या लेकीशी याहून जास्त बोलतो हे तिच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

"तो बरा माणूस आहे," इनॉक सावकाश म्हणाला.

"बरा असेल," थर्झा म्हणाली. "आमच्या लीयाला काठावर काय करायचंय?"

"मला खिडकी हवी आहे," लीया म्हणाली.  "सकाळी उठून बाहेर पाहिलं की काल दिसलेलं झाड आजही दिसावं. घरात नळ हवा. आणि त्याच्या मुलीला शाळेत सोडून येताना मास्तरीणबाईंना विचारायचंय, मोठ्या बायकांना वाचायला शिकवतात का. आई, मी चोवीस वर्षांची झाले. एका गावाला मी कधी दोन रात्री सलग राहिले नाही."

"माझ्याबरोबर राहिलीस ना?"

"हो. म्हणून तर तुला एकटं टाकून जात नाहीये." लीयाने बहिणीकडे पाहिलं. "लव्ही येतेय. माझ्या जागी."

आता सगळ्यांच्या माना लव्हिनियाकडे वळल्या. ती टोपी काढून मांडीवर घेऊन बसली होती. केस शहरातल्यासारखे आखूड कापलेले.

सबायना पहिल्यांदा हसली. "ही? अगं, हिच्या हातांकडे पाहा."

थर्झाला राग आला, पण तो सबायनाचा नव्हता. ती लीयाला म्हणाली, "हे कधी ठरलं?"

"आपण रग्बीला बोट दुरुस्तीला थांबलो होतो तेव्हा. मी बाजाराला म्हणून गेले ना, तिच्याकडे गेले होते."

"म्हणजे माझ्या पाठीमागे माझ्या बोटींची वाटणी झाली. एक उतरणार, एक चढणार, आणि म्हातारीला शेवटी सांगायचं."

"तुला आधी सांगितलं असतं तर तू दोर सोडून निघून गेली असतीस," लव्हिनिया म्हणाली.

 दूरवर कुठल्या तरी बोटीचं इंजिन ठकठकत होतं. सात वर्षांत थोरलीने आईला उद्देशून म्हटलेलं हे पहिलं वाक्य, आणि ते खोटं नव्हतं, म्हणून थर्झाला जास्तच लागलं.

"घे," ती इनॉकला म्हणाली. "रूबेनला देऊन टाक जोडी. मला कुणाची मेहेरबानी नको. ना हिची, ना तिची."

इनॉकला हे इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. तो घाईघाईने म्हणाला, "शहाणं बोललीस. हे बघ, एप्रिलमध्ये रंगाऱ्याकडे जायचंच आहे. केबिनवरचं नाव तेवढं पुसून रूबेनचं घालून घेऊ, म्हणजे गिरणीवाल्यांचाही घोळ होणार नाही."

थर्झाने 'रोझाबेल'कडे पाहिलं. तांबड्या पट्ट्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, थर्झा हॉलिक. ती अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण त्यांचा आकार पाठ होता. ऐबल गेल्यावर रंगाऱ्याने विचारलं होतं, 'ऐबल हॉलिक यांची विधवा' असं लिहू का. ती म्हणाली होती, विधवा कशाला, माझं नाव लिही. त्या दिवशी रंग वाळेपर्यंत ती काठावर उभी होती.

"लव्हिनिया," ती म्हणाली, बोटीवरची नजर न काढता. "तुला सासूने काढलं का घरातून?"

"नाही. ती फार चांगली आहे. राहा म्हणते, मरेपर्यंत राहा म्हणते."

"मग?"

"मग काय! सकाळी पायरी घासते, संध्याकाळपर्यंत ती मळते, दुसऱ्या दिवशी परत घासते. समोर विटांची भिंत. शेजारणींना मी सांगितलं होतं की माझे वडील कोळशाचे व्यापारी होते." ती जराशी हसली. "खोटं तरी कसं म्हणायचं ते? पण हर्बर्ट गेला तेव्हा तुला कळवलं नाही, ते त्यांच्यामुळेच. तू बोटवालीचं बॉनेट घालून दारात उभी राहिली असतीस आणि सगळ्यांना समजलं असतं."

"हो. समजलं असतं."

"सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, आई. आजारी माणसाशी बोलावं तसं. सात वर्षांत एकदासुद्धा माझ्यावर कुणी ओरडलं नाही."

रूबेन हसला आणि त्याने लगेच खोकल्याचं सोंग केलं. त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

थर्झा उठली. फळीवरची सुरी तिने पुसली, पाव फडक्यात गुंडाळला. "तू गेलीस तेव्हा आपल्याकडे घोडा होता," ती म्हणाली. "इंजिनाचं तुला काही येत नाही."

"नाही येत."

"म्हणजे पुढच्या बोटीवर मी. बटी तुझ्याकडे." तिने 'रोझाबेल'कडे पाठ फिरवली. "उद्या सकाळी सहा लॉक वर चढायचे. माल भरलेला आहे, 'रोझाबेल' जड आहे. वर पोचेपर्यंत तिचं काही मोडलं नाहीस तर बोलू. मोडलंस तर जोडी रूबेनची. इनॉक, चालेल?"

इनॉकने पाइप काढला, परत तोंडात घातला. "चालेल."

"माझा कोट?" लव्हिनिया म्हणाली.

"कोट काढ आणि ऐबलचं जाकीट घाल. खुंटीवर आहे."

सकाळी धुकं होतं. थर्झा पुढच्या बोटीच्या, 'मेरीगोल्ड'च्या, इंजिनखोलीत आली तेव्हा इनॉक तिथे आधीच होता. त्याने इंजिनाचं डोकं ब्लो-लॅम्पच्या ज्योतीने तापवलं होतं, त्याशिवाय ते पेट घ्यायचं नाही. आता त्याने पाय टाकून चाक फिरवलं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा इंजिन धडधडायला लागलं. थर्झाच्या हाताला ते काम आता झेपत नव्हतं, आणि त्याला ते ठाऊक होतं.

"तुला तर ही जोडी हवी आहे," थर्झा म्हणाली.

"हवी आहे. पण इंजिन चालू झालं नाही म्हणून नको." तो हात पुसत वर आला आणि आपल्या बोटीकडे निघून गेला.

पहिल्याच लॉकला घात झाला. वर चढताना दोन्ही बोटी लॉकमध्ये शेजारी शेजारी शिरतात. इंजिनाची बोट स्वतः थांबते, बटीला मात्र दोरानेच थांबवावं लागतं. काठावरच्या खुंटाला दोराचा फेरा टाकायचा आणि तो हळूहळू आवळायचा. लव्हिनियाने फेरा टाकला, पण उशिरा. दोर तिच्या हातातून सरसरत गेला आणि 'रोझाबेल'चं नाक समोरच्या दरवाजावर धाडकन आदळलं. केबिनमधून बशा फुटल्याचा आवाज आला.

"आंधळी आहेस का!" थर्झा ओरडली. "खुंट दिसत नाही?"

"दिसला!"

"मग दोर कुणासाठी राखून ठेवला होतास?"

लव्हिनियाचे तळवे सोलून निघाले होते. तिने ते ऐबलच्या जाकिटाला पुसले. काठावर सबायना शाल पांघरून उभी होती. तिने इनॉककडे पाहून मान हलवली. लीया हातात झडपा फिरवायचं हँडल घेऊन काठाकाठाने चालत होती. तिने झडप उघडली आणि पाणी खळबळत आत आलं.

"लव्ही," ती खाली वाकून म्हणाली, "नाक भिंतीच्या आत आलं की लगेच टाक. वाट पाहू नकोस."

"तिला शिकवू नकोस!" थर्झा पलीकडून म्हणाली. "उद्या तू असणार नाहीस."

दुसऱ्या लॉकला बटी आदळली, पण हळू. तिसऱ्याला दोर वेळेवर पडला, पण लव्हिनियाने तो इतका आवळला की 'रोझाबेल' मध्येच थबकली आणि तिचा मागचा भाग वळून भिंतीला घासला. थर्झाचं स्वतःचंही काही फार बरं चाललं नव्हतं. तीन बोटांच्या हाताला इंजिनाचं चाक सापडायचं नाही. एकदा पुढे जायचं ते ती मागे गेली, आणि लव्हिनिया तोंड दाबून हसली.

"हसतेस काय?"

"काही नाही. घोडा बरा होता असं वाटलं."

"घोडा लाथ मारायचा."

"तुलाच मारायचा. मला कधी नाही मारली."

चौथ्या लॉकमध्ये 'रोझाबेल' आत सरकली, दोर खुंटावर पडला, कुरकुरला आणि ती आईच्या शेजारी येऊन अलगद थांबली.  पाचव्यातही तसंच झालं. सहाव्या लॉकवर वॉल्टर एम्स टोपी हातात घेऊन उभा होता. गव्हासारखा तांबूस, लाजरा माणूस. त्याच्यामागे दारात एक सात-आठ वर्षांची मुलगी उभी होती, आणि खिडकीत पडदा होता. नवा, न धुतलेला. थर्झाला तो लीयाने शिवलाय हे टाक्यांवरून कळलं.

"मिसेस हॉलिक," वॉल्टर म्हणाला, "मी स्वतः येऊन विचारणार होतो."

"विचारायचं होतंस."

"भीती वाटली."

"सांगितलंस ते बरं केलंस," थर्झा म्हणाली. "खरं बोलणारा आहेस एवढं कळलं."

इनॉक काठावरून चालत वर आला होता. त्याने 'रोझाबेल'चं नाक वाकून पाहिलं. रंग उडाला होता, एका फळीला खाच पडली होती. आत थर्झाच्या लग्नातल्या तीन बशा फुटल्या होत्या.

"मोडलं म्हणायचं की नाही?" त्याने विचारलं.

थर्झाने लव्हिनियाकडे पाहिलं. ती केबिनच्या दारात उभी होती, कपाळाला कोळसा, हातांना फडकं गुंडाळलेलं. तिने नजर टाळली नाही. सांभाळून घे असंही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"बशा माझ्या होत्या, बोटीच्या नव्हत्या," थर्झा म्हणाली. "पण रूबेनला सांग, तुम्हाला अडचण होते ते मला दिसतं. माझ्या पुढच्या बोटीतली केबिन आता रिकामी राहील, मी आणि ही मागेच झोपू. त्याला नवीन जोडी मिळेपर्यंत आपण कोळसा भरायला खाणीवर एकत्र भेटू तेव्हा तो, सून आणि बाळ तिथे झोपू देत. भाडं नको. त्याच्या बायकोला सांग, माझ्या पितळेला हात लावायचा नाही."

इनॉकने पाइप दाताखाली धरला. "सबायनाला हे आवडणार नाही," तो म्हणाला.

"म्हणून तुला सांगतेय."

तो हसला आणि खाली वळला.

आता राहिली लीया. लॉकचे वरचे दरवाजे उघडले होते, पुढे बोगदा होता आणि मागून आणखी एक जोडी चढत होती, त्यामुळे थांबता येत नव्हतं. लीया आईच्या बोटीच्या कडेने चालत आली. तिच्या हातात अजून हँडल होतं. ते तिने छपरावर ठेवलं.

"मी गावात खोली घेतलीय लग्नापर्यंत. मेमध्ये येशील?" तिने विचारलं.

"माल कुठे असेल त्यावर आहे."

"आई."

"येईन," थर्झा म्हणाली. "दोर बांधून येईन. सोडून नाही." तिने लेकीच्या गालावर तीन बोटांचा हात ठेवला. या हाताने ती अजून कुणालाही शिवली नव्हती. मग तिने इंजिनाचं चाक फिरवलं.

दोर ताणला गेला, 'रोझाबेल' हलली. लीया दरवाजाच्या लांब दांड्याला पाठ लावून उभी राहिली आणि बोटी बाहेर पडल्यावर तिने तो ढकलून बंद केला. इतकी वर्षं ती दरवाजा बंद करून धावत येऊन बोटीवर उडी मारायची. आज ती तिथेच उभी राहिली. थर्झाने एकदा मागे पाहिलं. मग वळण आलं.

बोगद्यात अंधार आणि गळणारं पाणी होतं. मध्ये समोरून एक जोडी आली, तेव्हा थर्झाचं सगळं लक्ष मागे होतं. दिवे जवळ आले, बोटी घासून गेल्या, कुणीतरी "सुप्रभात" म्हटलं, आणि मागून लव्हिनियाचं उत्तर आलं. बस, एवढंच. बाहेर पडल्यावर ऊन होतं.

बकबीच्या वरच्या लॉकवर म्हातारा पर्किन त्याच्या बागेतले मुळे उपटत होता. तो या कालव्यावर सगळ्यांना ओळखत असे, आणि सगळ्यांच्या बातम्या सगळ्यांना पोचवत असे.

"लीया कुठाय?" तो ओरडला.

"लग्न करतेय. ब्रॉन्स्टनच्या वॉल्टरशी."

"अरे वा! मग मागे ती कोण? मजूर लावलास?"

"मुलगी आहे."

"कुणाची?"

"माझी."

पर्किन मुळे हातात घेऊन सरळ झाला. त्याने 'रोझाबेल'वरच्या बाईकडे, तिच्या आखूड केसांकडे, अंगातल्या ढगळ जाकिटाकडे नीट पाहिलं. "किती वर्षं इथून जातेस तू, थर्झा," तो म्हणाला. "मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली होतीस, मला एकच मुलगी आहे."

दोन्ही बोटी लॉकमध्ये शिरत होत्या. मागे दोर खुंटावर पडल्याचा आवाज झाला. लव्हिनियाने ऐकलं असणार, पाण्यावर आवाज लांब जातो.

"दोन आहेत," थर्झा म्हणाली. "चल, दरवाजा लाव. गिरणी वाट बघतेय."